टाळांचं पार्सल

पार्सल आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. कुरिअरवाल्याला माझ्या मोबाइलवर आलेला नंबर हवा होता. माझे हात पिठाचे, चष्मा आतल्या खोलीत, आणि नंबर सापडेपर्यंत तव्यावरची भाकरी करपून गेली. खोका लहानसा होता, पण हातात घेतल्यावर जड लागला. पाठवणारीचं नाव रश्मी, पत्ता बंगळूरचा. रश्मी ही माझ्या मैत्रिणीची, शरयूची मुलगी. मला वाटलं, लेकीकडे राहायला गेलेल्या शरयूनं म्हैसूरपाक धाडला असेल.

कात्रीनं टेप कापली. आत जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेले शरयूचे टाळ निघाले.

मी पिठाचे हात तसेच घेऊन खुर्चीवर बसले. हे टाळ तिच्या आईचे. मधली लाल दोरी किती वेळा बदलली असेल, पण टाळ तेच. ते ती कुणाला हात लावू देत नसे. एकदा मी नुसते उचलून बघितले, तर म्हणाली होती, "ठेव ते. पडतील."

मी विमलताईंना फोन लावला. त्या आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष. पेटी त्याच वाजवतात, आणि राहतात माझ्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये. दोघींच्या स्वयंपाकघरांत एक भिंत आहे, त्यामुळे खिडकीतून हाक मारली असती तरी भागलं असतं. पण मोबाइल आल्यापासून आम्ही शेजारणीसुद्धा फोनच करायला लागलो होतो.

"शरयूनं टाळ पाठवलेत," मी म्हटलं.

"टाळ? कशाला?"

"कशाला म्हणजे काय, देऊन टाकलेत. आता वाजवायचं नाही असंच दिसतंय तिचं."

विमलताई म्हणाल्या, "मी तसं बोलायला नको होतं गं."

त्या काय बोलल्या होत्या ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. तशी सगळीच गोष्ट आता जुनी झाली. कराडला आमच्या कॉलनीत दत्ताचं देऊळ आहे, आणि दर दत्तजयंतीला जन्माच्या आधी आमच्या मंडळाचं भजन असतं. शरयू पुढे सांगायची, आम्ही सगळ्या मागे म्हणायचो. गळा काय, माझाही बरा होता. ताल मात्र शरयूचा. आमच्यातली एखादी पुढे पळाली किंवा रेंगाळली की शरयू गाणं न थांबवता फक्त एक भुवई वर करायची. आम्ही बहुतेक साठी ओलांडलेल्या, सुना-जावयांना धाकात ठेवणाऱ्या बायका, पण त्या भुवईला टरकून असायचो.

त्या श्रावणात ती मोरीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रश्मी तिला बंगळूरला घेऊन गेली. इथलं घर जिन्याचं, तिथे लिफ्ट. परत येणं लांबतच गेलं. मग रश्मीनंच सुचवलं, "मावशी, दर गुरुवारी व्हिडिओ कॉल करा ना. आई इथून म्हणेल, तुम्ही तिथून म्हणा."

कल्पना आम्हाला फार आवडली. पहिल्या गुरुवारी शरयूला अर्धा वेळ विमलताईंच्या पंख्याचंच दर्शन झालं, कारण त्यांनी फोन पेटीवर उताणा ठेवला होता. मग तो साखरेच्या डब्याला टेकवला. आम्हाला शरयू दिसली ती फक्त कपाळापुरती. "खाली घे गं फोन," "अगं आणखी खाली," असं करता करता ती अख्खी दिसली, तेव्हा आम्ही सगळ्याच डोळे पुसत होतो. ती म्हणाली, "रडताय काय, टाळ उचला."

आणि पहिल्याच अभंगाला सगळं विस्कटलं. शरयूचा टाळ आमच्या मागून यायला लागला. तिला गाठावं म्हणून आम्ही लय कमी केली, तर तिनं आणखी कमी केली. एरवी ठसक्यात जाणारा अभंग शेवटी रडगाण्यावर आला.

"तुम्ही रेंगाळताय कशाला?" शरयू तिकडून म्हणाली.

"आम्ही कुठं? तूच मागे पडतीयेस की," विमलताई इकडून.

शरयूची भुवई वर गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही तेच. आम्ही सगळ्या एका खोलीत बसलेल्या, आणि सगळ्यांना एकच ऐकू येत होतं. ती तिकडे एकटी. मग एका गुरुवारी विमलताई अगदी मायेनं म्हणाल्या, "शरयू, तू दमतेस. एवढं ऑपरेशन झालं, भुलीचा परिणाम राहतो म्हणतात. ताल जरा मागे पडतोय तुझा. यंदा दत्तजयंतीला आपल्यातली उज्ज्वला सांगेल. तू नुसती ऐक."

या वेळी भुवई जागची हलली नाही. "असेल," एवढंच शरयू म्हणाली आणि तिनं फोन बंद केला. त्यानंतर तिनं आमचे फोन उचलायचं सोडलं. आणि आता हे पार्सल.

हात धुऊन मी रश्मीला फोन केला.

"मावशी, आई घरात गुणगुणतसुद्धा नाही आता," ती हळू आवाजात म्हणाली. बहुतेक गॅलरीत जाऊन बोलत होती. "आजीचं शेवटी कसं झालं होतं तुम्हाला माहितीये ना? आई म्हणते, आजीच्याही पहिल्यांदा ओव्याच चुकायला लागल्या होत्या, मग नावं. माझंही तसंच सुरू झालंय म्हणते. मी डॉक्टरांची वेळ घेतलीये."

"तुला काय वाटतं? चुकत होती ती?"

"मला कुठं ताल कळतो मावशी. मला तर ती बरोबरच वाटायची. पण तुम्ही सगळ्या म्हणत होता ना."

शरयूच्या आईला मी पाहिलं होतं. एकेकाळी शंभर बायकांना पुढे सांगणारी ती बाई शेवटी शेवटी शरयूलाच विचारायची, "तुम्ही कुणाच्या?" शरयू तिला रोज नव्यानं आपलं नाव सांगायची. मरणाचं शरयूला काही वाटत नव्हतं, तिची भीती ही एवढी एकच होती. आणि ते दिवस आता आपल्यावर आले, अशी तिची खात्रीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विमलताईंचा व्हिडिओ कॉल आला. भिंतीपलीकडून व्हिडिओ कॉल कशाला, असं त्यांना कुणी विचारत नसे. त्यांना तेच बटण सापडायचं.

"कुमुद, टाळांचं काय करायचं? देवळात ठेवायचे का?"

"देवळात कशाला? ती आहे अजून."

"तसं नव्हे गं. पण तिनं आपण होऊन..."

तेवढ्यात भिंतीपलीकडे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. ती विरते न विरते तोच माझ्या हातातल्या फोनमधून आणखी एक शिट्टी झाली.

"विमलताई, दोन कुकर लावलेत का?"

"एकच आहे. डाळीचा."

मी फोन हातात धरून भिंतीजवळ उभी राहिले. विमलताई काहीबाही बोलत होत्या, मी ऐकत नव्हते. पुढची शिट्टी झाली. आधी भिंतीतून, मग फोनमधून. कुकर एक, डाळ एक, आणि शिट्टी दोनदा. मधे एक टाळी वाजवून व्हावी इतकं अंतर.

मी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. ऑपरेटर होते. तेव्हा परदेशातल्या मुलांशी बोलायला लोक कॉल लावून ताटकळत बसायचे. मुंबईमार्गे जोडून द्यायचा, आणि आवाज उपग्रहावरून फिरून यायचा. इकडची आई विचारायची, "बरा आहेस का रे?" लगेच उत्तर आलं नाही की ती घाबरून पुन्हा विचारायची, तेवढ्यात पहिलं उत्तर यायचं, आणि दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळायचं. मग मी मध्ये पडून सांगायचे, "बोलून झालं की थांबा. आवाज वाटेत आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. पण मोबाइलमध्ये माणूस डोळ्यांसमोर दिसतं, ओठ हलताना दिसतात. त्याच्या आवाजालाही वाट चालून यावी लागत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"विमलताई, फोन बंद करू नका. लाटणं घ्या आणि भिंतीवर ठोका."

"लाटण्यानं? भिंतीवर?"

"ठोका हो."

त्यांनी ठोकलं. माझ्या ताटाळ्यातली ताटं हलली, आणि मग फोनमध्ये ठक झालं. पुन्हा ठोकायला लावलं, पुन्हा तेच. मी त्यांना सांगितलं, आता मी ठोकते, तुम्ही ऐका. त्यांनाही ते दोनदा ऐकू आलं.

"म्हणजे ती आपल्याला मागे वाटत होती," विमलताई सावकाश म्हणाल्या, "आणि तिला आपण."

"आणि चुकत कुणीच नव्हतं."

"मी तिकडेच येते. लाव तिला फोन. आत्ताच्या आत्ता लाव."

शरयू फोन उचलणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून रश्मीला लावला आणि तिला म्हटलं, आईच्या हातात नेऊन दे. शरयू पलंगावर बसली होती. केस विंचरलेले नव्हते. मी भराभर सगळं सांगितलं, कुकर, भिंत, लाटणं. तिनं ऐकून घेतलं.

"कुमुद, समजूत घालायला फोन केलास ना?"

"समजूत नाही गं, खरंच..."

"रश्मीही अशीच गोड बोलते हल्ली. आईशी आम्ही असंच बोलायचो. काही नाही गं झालेलं तुला, सगळ्यांचंच होतं असं." तिचा आवाज अगदी शांत होता. मला तो ऐकवेना.

"बरं, माझं ऐकू नकोस. स्वतःच्या कानावर तरी विश्वास आहे ना? टाळ घे."

"टाळ तुझ्याकडे आहेत."

"मग वाटी-चमचा घे. आणि तुझा स्वतःचा फोन कुठंय? त्यावरून तुझ्या, रश्मीच्या आणि माझ्या फोनचा मिळून एक कॉल लाव म्हणावं रश्मीला. तुझा फोन तुझ्यापाशी राहू दे. रश्मी, तू तुझा फोन घेऊन आतल्या खोलीत जा, आवाज पूर्ण मोठा कर आणि दार उघडं ठेव."

रश्मीनं मुकाट्यानं सगळं केलं. शरयूनं स्टीलची वाटी डाव्या हातात घेतली. तोंडावर नाराजी तशीच. तिनं एकदा चमचा मारला.

वाटी वाजली. आणि आतल्या खोलीतून, तिच्या मागून, तीच वाटी पुन्हा वाजली.

शरयूनं मान वळवून दाराकडे पाहिलं. पुन्हा मारला. पुन्हा तो ठोका मागून आला. मग तिनं आमचा नेहमीचा ठेका धरला, आणि आतून तोच ठेका, लंगडत लंगडत, तिच्या पाठोपाठ यायला लागला. ती थांबली की तो थोड्या वेळानं थांबायचा.

"माझाच ठोका," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याच हातातला. आणि मागे पडतोय."

"वाटेत वेळ लागतो त्याला. तू मागे नाहीस."

ती वाजवतच राहिली. रश्मी आतून म्हणाली, "आई, पुरे की आता," तरी थांबेना. मग वाटी मांडीवर ठेवून ती रडली, अगदी मोकळेपणानं, आणि रडता रडताच म्हणाली, "रोज झोपताना सतराचा पाढा म्हणून बघत होते गं. येतो का अजून म्हणून."

"यायचा का?"

"यायचा. तरी भीती वाटायची."

विमलताई माझ्या खांद्यावरून डोकावत होत्या. त्या म्हणाल्या, "शरयू, दत्तजयंतीला तूच सांगायचं." पण शरयूनं डोळे पुसले आणि मान हलवली. तालाचं माणूस ते, तिला अडचण आमच्या आधी दिसली.

"कसं सांगणार? मी बरोबर असेन, तुम्हीही बरोबर असाल, तरी एकत्र यायचं नाही. तुमची ओळ माझ्यापर्यंत उशिराच येणार. तिच्यासाठी थांबले की गेलंच सगळं."

त्यावर मी रात्रभर विचार करून ठेवला होता असं मुळीच नाही. तोंडातून निघून गेलं ते एक्सचेंजमधल्या सवयीनं. तिथे दोन्ही बाजू एकदम बोलायला लागल्या की मी एक बाजू बंद करायचे.

"तुला आम्ही ऐकूच येणार नाही," मी म्हटलं. "आमच्याकडचा आवाज बंद करून ठेवते. तू वाटी धरायची, ओळ सांगायची. आम्ही मागे म्हणू. आमची ओळ तू मनातल्या मनात म्हणायची आणि पुढची उचलायची. आम्ही उशिरा असू, पण ते तुला कळणार नाही. आणि इथं देवळात बसलेल्यांना सगळं जागच्या जागी लागेल."

"कुणी मागे आहे का नाही हे न कळता म्हणायचं?"

"हो."

"आणि तुम्ही थांबलात तर? मशीन बंद पडलं तर?"

"आम्ही कुठं जातोय? म्हणत राहायचं."

तिनं मांडीवरची वाटी पुन्हा हातात घेतली. ताल खरंच गेला असेल, तर यातच उघडं पडणार होतं, कारण सावरून घ्यायला कुणीच नव्हतं. हे तिलाही कळत होतं आणि मलाही. शेवटी तिनं विचारलं, "उज्ज्वलाला चालेल का?" उज्ज्वला आमच्यात सगळ्यात तरुण, पन्नाशीची. पुढे सांगायचं म्हणून तिला आठवडाभर जुलाब लागले होते. तिला फारच चाललं.

दत्तजयंतीला देऊळ भरलं होतं. माइकवाल्यानं विमलताईंचा फोन वायरनं स्पीकरला जोडून दिला, आणि आम्ही तो पेटीशेजारी चौरंगावर उभा केला, मागे नारळाचा टेकू देऊन. शरयू मोतिया रंगाची साडी नेसली होती. समोर वाटी-चमचा. तिचे टाळ माझ्या हातात होते. माझे घरीच ठेवले होते मी. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"बंद करते हं आवाज," मी म्हटलं.

"कर."

मी बटण दाबलं. एरवी भजनाला बसली की ती आमच्याकडे एकदा नजर फिरवायची. या वेळी तिनं डोळे मिटले. तिच्या खोलीत आता केवढी शांतता असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी टाळ उचलले.

वाटी वाजली. तिनं पहिली ओळ सांगितली. आवाज जरा बसका होता, पण सरळ. आम्ही ओळ उचलली. आमच्या आवाजाखाली वाटी चालूच होती. आता आमची ओळ संपत आली. इथे तिनं उचलायला हवं होतं, आणि तिला तर आमचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. विमलताईंची बोटं पेटीवर नुसती टेकलेली होती.

तिनं उचललं. आमचा शेवटचा शब्द जिथं खाली ठेवला गेला तिथूनच. ना आधी, ना नंतर. विमलताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला पुढची ओळ म्हणता आली नसती.

मग काही विचारायचं राहिलंच नाही. दुसऱ्या अभंगाला देवळातले लोक टाळ्यांवर आले. गौळणीच्या मध्यावर चित्र अडकलं, शरयू तोंड उघडं ठेवून थिजल्यासारखी दिसायला लागली, पण आवाज येत होता आणि वाटी वाजत होती. आम्ही त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत तिच्या मागून चाललो. कुठे लय वाढवायची, कुठे सोडायची, सगळं तिच्या मनाप्रमाणे. तिच्या आईचे टाळ माझ्या हातात होते, आणि वाजवत होती ती, असंच मला वाटत होतं.

शेवटचा ठोका वाजला. पुजारी पाळण्याकडे गेले. चित्र पुन्हा हललं. शरयूनं डोळे उघडले आणि आम्ही अजून तिथेच आहोत का, असं चाचपत ती बघायला लागली. मी आवाज चालू केला.

"जमलं का गं?" तिनं विचारलं.

आम्ही सगळ्या एकदम बोललो. जमलं, छान जमलं, आणखी काय काय. देवळातलेही बोलले. तिचा चेहरा मात्र तसाच, काळजीचा. विमलताई घाबरून म्हणाल्या, "ऐकू गेलं नाही का तिला?"

"थांबा," मी म्हटलं. "आवाज वाटेत आहे."

आणि मग तो पोचला. आधी तिच्या कपाळावरची आठी गेली, मग ओठ हलले, आणि मग त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर असं हसू आलं की उज्ज्वलानं पदर डोळ्यांना लावला. तशी शरयूची भुवई वर गेली.

"रडू नकोस, उज्ज्वला. शेवटच्या अभंगात पळत होतीस. ऐकू येत नव्हतं तरी एक डोळा उघडून बघितले मी तुझे हात."

मग ती माझ्याकडे, माझ्या मांडीवरच्या टाळांकडे बघून म्हणाली,

"आणि कुमुद, माझे टाळ परत पाठव. नीट गुंडाळून. पडतील."